हिरव्या कोपराची मुलगी

"मॅडम, जर्सीला काही शिवू नका," हॉकीचे प्रशिक्षक नागराज सरांनी बजावलं होतं. "आया एकदा आपल्याच पोरीवर डोळा लावून बसल्या की त्यांना नको ते दिसायला लागतं. मग फोन मला येतात."

ईश्वरीने 'हो सर, नाही सर' केलं आणि रिंकवरून निघाली ती थेट मालोजीरावांच्या दुकानात.

आता यात तिचं तरी काय चुकलं, सांगा. आइस हॉकीत सगळ्या मुली एकसारख्या दिसतात. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, अंगात इतके पॅड की आपलं पोर कुठलं आणि दुसरीचं कुठलं, सख्ख्या आईला कळू नये. त्यात सामने लेहला, आणि ईश्वरी म्हैसूरला, मोबाइलवर बघणार. पाठीवरचा नंबर म्हणाल तर त्या व्हिडिओत तो मुंगीएवढा. मागच्या वर्षी तिने अख्खा सामना आपली वल्लरी कुठेय हे शोधण्यात घालवला होता आणि संपल्यावर कळलं होतं, की वल्लरी त्या दिवशी तापाने खोलीत झोपून होती.

मालोजीराव लग्नातल्या बँडवाल्यांचे कपडे शिवत. त्यातलंच उरलेलं पोपटी साटीन त्यांनी पुढे केलं. "हे बघा अक्का, स्वल्प भडक आहे. पण दुरून दिसतंय की." दोन्ही कोपरांवर त्यांनी वीतभर पट्टी बसवून दिली. वल्लरीने जर्सी बघितली आणि काही बोलली नाही. तेरा वर्षांची मुलगी काही बोलत नाही तेव्हा तिला राग आलेला असतो, हे ईश्वरीला ठाऊक होतं. पण तिने तिकडे काणाडोळा केला.

वल्लरीची सुरुवात चाकांवरची. ईश्वरी आणि मिलिंद मिरजेहून म्हैसूरला आले, मिलिंदची नोकरी कंपनीच्या कॅम्पसवर, घराजवळ स्केटिंगचा रिंक. पोरगी घरात भिंतींना धडका देते त्यापेक्षा तिकडे देऊ दे, म्हणून घातली. दोन-तीन वर्षांत हातात स्टिक आली. मग नागराज सरांनी निवडक मुलींना उत्तरेत खऱ्या बर्फावर नेलं. पहिला आठवडा वल्लरी नुसती पडली. चाकांवर पाय ओढून थांबायची सवय, बर्फावर पातं आडवं करून थांबायचं असतं, ते तिच्या पायांना पटेना. पण एकदा पटलं आणि मग तिकडचे प्रशिक्षकही वळून बघायला लागले. पक, म्हणजे ती काळी चकती, कुठे जाणार हे या मुलीला आधी कळतं, असं कुणीतरी म्हणालं. ते वाक्य मिलिंदने इतक्या जणांना ऐकवलं, की शेवटी ईश्वरी म्हणाली, "अहो, आता दूधवाल्यालाही पाठ झालंय."

"झालं तर झालं," मिलिंद म्हणाला. "माझं म्हणणं एवढंच, की दात शाबूत राहू देत. सासरचं सोड, फोटोत तरी हसता यावं."

या वर्षी कर्नाटकच्या मुलींच्या संघात म्हैसूरच्या दोघी होत्या, वल्लरी आणि अमूल्या. अमूल्या मूळची पिरियापट्टणची, घरची तंबाखूची शेती. खेळासाठी म्हैसुरातच, नजरबादला मावशीकडे राहायची. दोघी पुढे खेळणाऱ्या, फॉरवर्ड. देशाच्या ज्युनिअर शिबिरासाठी निवड करणारे लोक लेहला येणार होते आणि कर्नाटकातून फॉरवर्ड एकच उचलतील अशी बोलवा होती. एकच म्हणजे या दोघींतली एक. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. अमूल्या ईश्वरीच्या घरी यायची, पोहे खायची, "आंटी, लिंबू?" म्हणून हात पुढे करायची, आणि ईश्वरी तिला लिंबू देताना मनात म्हणायची, देवा, हिचंही भलं कर, पण यंदा नको.

उपांत्य सामना दुपारी होता. खालच्या मजल्यावरून मालोजीरावांच्या पत्नी, भवानीबाई, शेंगा सोलत बघायला वर आल्या. मोबाइल टीव्हीला जोडला होता. चित्र मधूनच थिजायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं.

"अय्यो, या पोरी का गं अशा पिंपासारख्या?"

"आत पॅड असतात, भवानीबाई."

"आणि आत्ता आत गेली ती? दमली?"

"नाही, बदलतात सारख्या. खेळ न थांबवता एक बाहेर, दुसरी आत."

"म्हणजे आपल्या घरच्या नळासारखं. आलं, गेलं." भवानीबाईंनी शेंग तोंडात टाकली. "तुझी कुठली?"

"ती बघा. हिरव्या कोपराची."

आणि हिरव्या कोपराची ती मुलगी त्या दिवशी अशी खेळत होती, की बघत राहावं! दोघींच्या मधून निसटली, गोलरक्षक एका बाजूला झुकली, हिने दुसऱ्या बाजूने पक आत सरकवला. ईश्वरी उभीच राहिली. भवानीबाईंनी शेंगा सांडल्या. मिलिंदला फोन झाला, मिरजेला आईला फोन झाला. "गोल! हो गं आई, तिनेच!" इतकी वर्षं पहाटेच्या प्रॅक्टिसला नेणं, शाळेतून येणाऱ्या तक्रारी, गुडघ्यांना लावलेली हळद, सगळं त्या एका काळ्या चकतीबरोबर जाळीत जाऊन पडल्यासारखं तिला वाटलं.

पुढे थोड्या वेळाने पक दुसऱ्या टोकाला गेला. कॅमेरा तिकडे गेला, सगळ्या तिकडे धावल्या. ईश्वरीची नजर मात्र चित्राच्या कडेला, हिरव्या कोपरावर होती. त्यामुळे तिला दिसलं. समोरून आलेल्या मुलीचा खांदा लागला, हिचे पाय सुटले आणि डोकं मागच्या कठड्यावर आपटलं. चित्र थिजलं. पुन्हा चालू झालं तेव्हा मुलगी उठत होती. उठली, स्टिक उचलली आणि हळूहळू सरकत बाकाकडे निघाली. समोरच्या संघाच्या बाकाकडे. तिथल्या दारापाशी जाऊन उभी राहिली, आत घ्या म्हणून. त्या मुली हसल्या, एकीने तिला खांद्याला धरून वळवलं. मग ती आपल्या बाकाकडे गेली.

"एनायतु गं?" भवानीबाईंनी विचारलं. "पांढरी का पडलीस?"

"ती... ती चुकीच्या बाकावर गेली."

"गडबडीत जातं माणूस. मी परवा दुसऱ्याच्याच स्कूटरवर बसले होते. सुम्ने, गप बस जरा, पाणी पी."

सामना कर्नाटकने जिंकला. ईश्वरीचा फोन वल्लरीने संध्याकाळी उचलला. मागे मुलींचा नुसता गलका.

"वल्लू, डोकं दुखतंय का? खरं सांग. उलटी झाली का? आत्ता कुठे बसलीयस?"

"आई, मला काय झालंय?"

"तू आपटलीस. मी बघितलं."

"मी? आई, मी आज पडलेच नाही. निम्मा वेळ तर बाकावर होते."

"मग गोल?"

वल्लरी हळू आवाजात म्हणाली, "गोल अमूल्याने मारला. आई, रागावू नको. ती जर्सी मी तिला दिली. सगळ्या मला पोपट म्हणत होत्या. नावं-नंबर द्यायच्या आधीच बदलली, सरांना चाललं. ती म्हणाली, मला चालेल, मला कोण बघतंय."

ईश्वरी पलंगावर बसली. पहिल्यांदा आली ती सुटका. आपली आपटली नाही! पाठोपाठ आली ती चुटपुट, की गोलही आपला नाही. मिरजेला आता काय सांगायचं? आणि या दोन्हींची लाज वाटायच्या आत तिसरी गोष्ट उभी राहिली: ती पडलेली मुलगी आता काय करतेय?

"अमूल्या बरी आहे?"

"बरी आहे की. डॉक्टरांनी बघितलं. बोटं मोजायला लावली, तिने मोजली. आत्ता झोपलीय."

"आत्ता? जेवणाआधी?"

"दमलीय. उद्या फायनल आहे ना. आई, मी ठेवू?"

ईश्वरीने सामन्याचा व्हिडिओ पुन्हा लावला. कॅमेरा पकाच्या मागे होता. पडणं कोपऱ्यात अर्धवट दिसत होतं, आणि नेमकं आपटतानाचं चित्र तिथेही थिजलं होतं. एकदा बघितल्यावर तिला खात्री वाटली. पुन्हा बघितल्यावर वाटली नाही. डोकं लागलं की खांदा? चुकीच्या बाकावर गेली, की तिथून वळून जायला जागा होती म्हणून? मिलिंद घरी आल्यावर त्याला दाखवलं.

"मला तर ती पाणी प्यायला गेल्यासारखी वाटते."

"दुसऱ्यांच्या बाकावर?"

"ईशू, एक विचारू? ही अमूल्या आहे हे कळायच्या आधी तुला काय दिसलं होतं?"

"हेच."

"मग सांगून टाक सरांना. पण..."

तो 'पण' ईश्वरीलाही कळत होता. उद्या अमूल्या बाहेर बसली तर तिच्या जागी वल्लरी पूर्ण सामना खेळणार, निवड करणाऱ्यांसमोर. आज अमूल्याने गोल मारला आणि आजच वल्लरीच्या आईला अमूल्याच्या डोक्याची काळजी लागली! ऐकणारा काय म्हणेल? त्याहून वाईट म्हणजे, ऐकणाऱ्याचं खरं असेल तर? आपल्याला मुलीचा जीव दिसतोय की मुलीची जागा दिसतेय, हे तिचं तिला उलगडेना. तिने इंटरनेटवर वाचलं, की डोक्याला मार लागला की उजेड सहन होत नाही, बोलताना माणूस अडखळतं, आणि तो मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. आणि वाचताना मनाच्या एका कोपऱ्यात उद्याच्या सामन्यात वल्लरी धावत होती, गोल मारत होती. दोन्ही एकाच वेळी.

तिने सरांना फोन केला. पडल्याचं सांगितलं, बाकाचं सांगितलं. सर ऐकत राहिले.

"बाकाचं डॉक्टरांना माहीत आहे का, सर?"

"बाकाचं मलाच माहीत नाही, मॅडम. मी खेळ बघत होतो. मुलगी म्हणते ठीक आहे, डॉक्टर म्हणतात ठीक आहे." मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "वल्लरीलाही उद्या संधी देणार आहे मी. तुम्ही काळजी करू नका."

"सर, मी त्यासाठी नाही..."

"हो मॅडम. गुड नाइट."

तोंडात मारल्यासारखं झालं. तरी थोड्या वेळाने तिने अमूल्याच्या आईचा, नागरत्नाचा नंबर लावला. ईश्वरीचं कन्नड भाजीवाल्यापुरतं; डोकं, मार, धोका, एवढे शब्द जोडताना तिला घाम फुटला. नागरत्ना शांतपणे ऐकत होती. मागे कुणीतरी तंबाखूच्या गासड्यांवरून ओरडत होतं.

"अक्का," नागरत्ना म्हणाली, "अमूल्याचा आत्ताच फोन आला होता. म्हणाली, अम्मा, वल्लरीची आई फोन करेल. घाबरू नको, म्हणाली."

"तिला कसं कळलं?"

"सरांनी विचारलं तिला. ती म्हणाली, मी ठीक आहे." नागरत्ना म्हणाली, "तुमची मुलगी पण चांगली खेळते अक्का. देव दोघींना देईल. इडुतेने, ठेवते." आणि तिने फोन ठेवला.

थोड्याच वेळात वल्लरीचा फोन. ती रडत होती. "आई, तू काय केलंस? सगळ्यांना वाटतंय मीच तुला सांगायला लावलं. अमूल्या माझ्याशी बोलत नाहीये. भिंतीकडे तोंड करून पडलीय."

"लाइट चालू आहे का खोलीत?"

"काय?"

"लाइट, वल्लू. चालू आहे का?"

"नाही. तिनेच बंद करायला लावला. डोळ्यांवर येतो म्हणाली. आई, तू ऐकतेयस का मी काय म्हणतेय?"

ईश्वरी ऐकत होती. "हे सरांना जाऊन सांग," ती म्हणाली.

"मी? मी सांगू? मग तर सगळे म्हणतीलच ना!" वल्लरीने फोन ठेवला आणि त्यानंतर उचलला नाही. सरांनीही उचलला नाही. मिलिंद म्हणाला सकाळी बघू. पण फायनल सकाळीच आहे, आणि म्हैसूरहून लेहला पोहोचायचं तर दोन विमानं बदलावी लागतात.

म्हणून, तुमच्यापैकी कुणी सध्या लेहला असेल, फिरायला, नोकरीला, कशालाही, तर ईश्वरीचं एवढं काम करा. कर्नाटकच्या मुली रिंकजवळच उतरल्यात, तिथे कुणीही दाखवेल. अमूल्या म्हणून विचारा. उंच मुलगी आहे, बोलते थोडं. बरी आहेस का, असं विचारू नका, ती हो म्हणेल. तिला जरा उजेडात आणा आणि डोळे बारीक करते का बघा. कालचा गोल कसा मारला ते सांगायला लावा, आणि सांगताना अडखळते का तेवढं ऐका. अडखळली तर नागराज सरांना गाठा; तुमचं ते ऐकतील, तुमची मुलगी त्या संघात नाही. ईश्वरीचं नाव काढू नका. आणि जाणार असाल तर सामना सुरू व्हायच्या आत जा.