झाडावरचा नवरा

होड्यांत राहणाऱ्या भटक्या बेदे लोकांच्या लग्नात नवरा झाडावर चढून बसतो आणि काही केल्या उतरत नाही. नवरीने खालून विनवायचं, "उतर, तुला मी पोसीन." तो वरून विचारणार, "आणि माझ्या आईला?" "तिलाही पोसीन." पोरंबाळं, दुखणीखुपणी, सगळं तिने पदरात घेतलं की मग स्वारी खाली येते. यांच्यात कमवायचं बायकांनी. पुरुषांनी होडी आणि पोरं सांभाळायची.

तहुराला हे चित्रित करायचंच होतं. माहितीपट करायला ढाक्याहून आलेली ही बाई पद्मा नदीच्या काठी बेद्यांच्या होड्यांत वर्षभर राहिली, त्यांच्यातलाच भात आणि सुकट खाल्ली. पण तिच्या चित्रणात रडगाणं फार झालं होतं. या माणसांना लोकांनी हसतानाही पाहावं, असं तिला मनापासून वाटे. चांगल्या मनाची बाई होती. चांगली माणसं कुठे घाव घालतील याचा मात्र नेम नसतो.

त्या वर्षी कुणाचंच लग्न नव्हतं. म्हणून तिने कोहिनूर आणि सोहराब या जोडप्याला गळ घातली.

"नको आपा, या वयात कसले चाळे," कोहिनूर म्हणाली.

"खोटंखोटंच तर करायचंय."

"ते मला कुठे येतंय?"

तहुराला वाटलं, लाजतेय. सोहराबने तर केसांना तेलसुद्धा लावलं.

वास्तविक कोहिनूरच्या मागे गावोगाव हिंडून तहुरानेच सगळं टिपलं होतं. तुंबड्या लावून दुखणं काढते, बांगड्या भरते, असं ओरडत ती फिरे आणि दारं बंद होत. संध्याकाळी बहिणीच्या होडीतून उसना तांदूळ येई. ते टिपताना तहुराला रडू आलं होतं. पण तिला त्याचा अर्थ काही लागला नव्हता.

दुपारी सगळा तांडा काठावर जमला. सोहराब जांभळावर चढला.

"जांभळाची फांदी दगा देते रे," म्हातारी जैगुन नानी म्हणाली. "आणि तू काही आता लग्नातला सडपातळ राहिला नाहीस."

लोक हसले. सोहराबने मिशीवर हात फिरवला. "उतरत नाही जा. पोसशील?"

कोहिनूरने तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोल की गं, त्याच्या पायाला मुंग्या येतील," नानी म्हणाली.

"पोसशील ना गं?" सोहराबने पुन्हा विचारलं. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

कोहिनूर शब्द विसरली असेल असं वाटून तहुरा कॅमेऱ्यामागून हळूच म्हणाली, "पोसीन म्हण."

"झाडाखाली म्हटलेलं खोटंखोटं होत नाही, आपा. आणि खरं करायची ताकद माझ्यात उरली नाही."

सोहराब एकेक फांदी धरत आपणच खाली आला. न बोलावता उतरलेला नवरा नवरा राहत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लुंगीवरची पानं झटकून तो म्हणाला, "नानी, फांदी नाही मोडली."

दुसऱ्या दिवशी तो लाँचने ढाक्याला गेला, रिक्षा ओढायला. कोहिनूर धक्क्यावर गेली नाही. जायचा हक्कच उरला नव्हता.

तहुराला अन्न गोड लागेना. शेवटी ती कोहिनूरच्या होडीत जाऊन बसली. "माझं चुकलं. मी ते चित्रण पुसून टाकते."

"पुसून काय होणार? सगळ्यांनी पाहिलंय." कोहिनूर मासळीचे खवले काढत राहिली. मग हात धुऊन जवळ आली. "दाखवा तरी."

कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सोहराब फांदीवर बसला होता. केस तेलाने चमकत होते. तो मिशीवर हात फिरवून हसला.

"इथेच थांबवा, आपा," कोहिनूर म्हणाली. "माझं तोंड दिसायच्या आधी."

तहुराने थांबवलं. आपल्या माणसाकडे कोहिनूर पाहत राहिली. "पोसीन," ती म्हणाली. मग पडदा विझला.