झाडाला टांगलेले पंप

खैरटोल्याची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, संपून चार दिवस झाले, तरी मैदान रिकामं होईना. दंडार नाचणारे गेले, खेळण्यांची दुकानं उठली, आकाशपाळणासुद्धा सुटा करून ट्रॅक्टरवर चढवला गेला. पण कोपऱ्यातल्या मोहाच्या झाडाखाली गर्दी वाढतच होती. त्या झाडाला पंप टांगले होते. दम्याच्या रुग्णांनी तोंडाने ओढायचे, प्लास्टिकचे, निळे, तांबडे, जांभळे पंप लाल दोऱ्यांनी फांद्यांना बांधलेले. बाया त्या झाडाच्या बुंध्याला कुंकू लावत होत्या.

खाली चौरंगावर श्वासनाथ महाराज बसले होते. दाढी काळीभोर, केस पांढरे. कोणता रंग खरा ते त्यांनाच ठाऊक. माईक मात्र उत्तम होता.

"डॉक्टर तुमाले पंप देते. पंपानं दम दबते, माय, निघत नाही! दबला तं कुठं जाते? अंदर! अंदर जाऊन जमते, जमून जमून जहर होते. बोलो, किसके बच्चे की छाती में जहर है?"

साडेचार वर्षांच्या टीनाला तिच्या आजीने, गोदावरीबाईंनी, पुढे ढकललं. महाराजांच्या चेल्याने पितळी कमंडलूतून काचेच्या पेल्यात पाणी ओतलं. अगदी नितळ पाणी. "गंगोत्रीचं," महाराज म्हणाले. मग पपईच्या पानाचा पोकळ देठ पेल्यात बुडवून त्याचं दुसरं टोक टीनाच्या ओठात दिलं.

"फुंक बेटा. जेवढं जहर आहे तेवढं सोड."

टीना फुंकू लागली. बुडबुडे आले, तिला गंमत वाटली, ती आणखी फुंकू लागली. मिनिटभरात पाणी गढूळलं, मग पांढरं झालं, ताकासारखं. गर्दीतून एकच "अगा माय" निघालं. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल वर केले. आणि माझ्या डोळ्यांदेखत टीनाच्या आईने, प्रतिक्षाने, पिशवीतून लेकीचे दोन्ही पंप काढून महाराजांच्या पायाशी ठेवले.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते. हा प्रयोग आठवीच्या पुस्तकात आहे. चुना पाण्यात कालवावा, खाली बसू द्यावा, वरचं नितळ पाणी काढून घ्यावं. ती चुन्याची निवळी. तिच्यात कुणीही फुंकलं की उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधाळ होते. तुम्ही फुंका, मी फुंकते, गावचा पैलवान फुंको. मला हसू यायला हवं होतं. आली ती शिसारी.

"महाराज, ही चुन्याची निवळी आहे!" मी ओरडले. "कोणीही फुंकलं तरी पांढरी होते!"

महाराज रागावले नाहीत. असली माणसं रागावत नाहीत, ती गोड होतात. "मॅडम, तुमच्या किताबात सगळं आहे, फक्त भगवान नाही. कोणीही म्हणता? दादाजी, या बरं."

दादाजी गावचे म्हातारे. महाराज मंडईच्या आधीच येऊन बसले होते, तेव्हापासून पंधरा दिवस त्यांची औषधाची पुडी घेत असलेले. चेल्याने पेला भरला, दादाजींनी गाल फुगवून फुंकलं, पुन्हा फुंकलं. पाणी होतं तसंच नितळ राहिलं.

"पुडीनं जहर धुतलं!" महाराज म्हणाले. टाळ्या पडल्या. मी क्षणभर गांगरले, हे कबूल करते. मागून कुणीतरी म्हणालं, "बसा ना गप, मॅडम," आणि मी गर्दीतून बाहेर पडले.

तिथे मी प्रतिक्षाला गाठलं. ती माझीच विद्यार्थिनी.

"तुला माहीत नाही का गं निवळी काय असते?"

"माहीत आहे ना, मॅडम. पेपरात लिवलं होतं मी, पूर्ण मार्क भेटले होते. पण ते तं पुस्तकातलं. हे तं मी डोळ्यानं पाहिलं."

 ती खरं बोलत होती. तिच्या वर्गाला मी हा प्रयोग फळ्यावर शिकवला होता. परीक्षानळीचं चित्र, बाण, बुडबुडे, तळटीप. एक वाटी चुना आणि एक नळी, एवढंही मी वर्गात नेलं नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीने दुधाळ निवळी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती एका भामट्याच्या हातात. महाराजांची जेवढी किळस आली, तेवढीच त्या संध्याकाळी माझीही आली.

टीनाची गोष्ट मला ठाऊक होती. दोन पावसाळे ती दवाखान्यात भरती झालेली. छातीत शिटी, पोट आत ओढलेलं. मग तालुक्याच्या डॉक्टर अतुल मेंढे यांनी तिला रोजचा पंप लावून दिला. एक लांबट डबी, तिच्या एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला मास्क. तो तोंडावर धरून सकाळ-संध्याकाळ औषध द्यायचं, दहा श्वास मोजायचे, मग चूळ भरायला लावायची. आठ महिने टीनाला एकदाही धाप लागली नाही. आणि तिथेच घात झाला.

"पोरगी नाचून राहिली, धावून राहिली," गोदावरीबाई सुनेला रोज ऐकवत. "चांगल्या पोरीले रोज दवाई कायले देतं गा? सवय लागंल. मोठी झाली, लगनाले आली, तं पाहुण्यायले काय सांगशीन?"

धर्मेंद्र, टीनाचा बाप, नागपूरला कंपनीत. घरात एकटी प्रतिक्षा आणि रोजचा हा मारा. तिला कारणच हवं होतं. ते महाराजांनी पेल्यात घालून दिलं.

पुढच्या तीन आठवड्यांत महाराजांची कीर्ती पलीकडच्या एकोडी गावापर्यंत गेली आणि तिला कारण झाली टीनाच. काळपट पुडी सुरू झाली आणि पोरीची भूक वाढली, गाल गोल झाले. गोदावरीबाई तिला कडेवर घेऊन घरोघर दाखवत. "पाय, कशी भरून आली माही नात!" लोक पाहत आणि आपापल्या पोरांचे पंप घेऊन मोहाकडे जात. मीही एकदा तो गोल चेहरा पाहिला. काहीतरी खटकलं, पण मी शाळेत निघून गेले.

मग धानाची मळणी सुरू झाली. खळ्याखळ्यावर मशीन, हवेत भुसा आणि धूळ. पुडी संपली होती आणि नव्या पुडीसाठी महाराजांनी पौर्णिमेची तिथी दिली होती. मंगळवारी मधल्या सुट्टीत प्रतिक्षा शाळेच्या फाटकातून धावत आत आली. कडेवर टीना. पोरीचे खांदे वर-खाली होत होते, गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत जात होता. "आई पाणी" एवढंही तिला एका दमात म्हणता येईना.

"निळा पंप कुठं आहे? धाप लागल्यावरचा?"

"झाडाले," प्रतिक्षा म्हणाली. "दोन्ही झाडाले टांगले, मॅडम."

फाटकासमोर टेकचंदचा पानठेला आहे. त्याने हातातला सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा घोटायचा टाकला आणि ऑटो आणला. तालुक्यापर्यंतच्या वाटेत टीनाचे ओठ निळसर पडत गेले. मी वीस वर्षं श्वसनसंस्था शिकवली. त्या ऑटोत मला पोरीची पाठ सरळ धरून ठेवण्यापलीकडे काही करता आलं नाही.

टीना वाचली. ऑक्सिजन, वाफेतून औषध, सलाईन. दुपार ढळताना तिचा श्वास मोकळा झाला. डॉक्टर मेंढे यांनी पुडीचा उरलेला कागद हुंगला, टीनाचे गाल दाबून पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"हा चेहरा तब्येतीनं भरलेला नाही, सुजलेला आहे. या पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या असाव्यात. तपासायला पाठवतो."

मागून येऊन पोचलेल्या गोदावरीबाई ताठ झाल्या. "पण पंपातही तेच असते म्हणते ना, डॉक्टरसाहेब? महाराज सांगत होते."

"असतं, आजी. पण पंपातलं कणभर, सरळ श्वासनळीत जातं आणि तिथंच काम करतं. पुडीतलं भरमसाट, अंगभर फिरतं. त्यानं चेहरा सुजतो, भूक खवळते, पोराची वाढ खुंटू शकते. आणि एकदम बंद पडलं तर जिवावर बेततं. आता तेच औषध मोजून देऊन हळूहळू कमी करावं लागणार. पंपाला भिऊन तुम्ही पोरीला त्याच औषधाच्या डोहात ढकललं."

"पण ती चांगली होती ना! चांगल्या पोरीले रोज..."

"चांगली होती कारण रोज पंप चालू होता. तिच्या श्वासनळीला आतून सूज असते, ती दिसत नाही. रोजचा पंप ती सूज बसवून ठेवतो. निळा पंप आग लागल्यावर पाणी मारायचा. तुम्ही दोन्ही फेकले."

गोदावरीबाई नातीचे पाय चेपत बसल्या.

बाहेर व्हरांड्यात टेकचंद माझ्याजवळ आला. "मॅडम, एक गोष्ट मले समजून नाही राहिली. महाराज खर्रा खात नाही, पान खात नाही, खाणाऱ्याले माईकवरून शिव्या देते. मंग त्याचा चेला एक दिवसाआड माह्या ठेल्यावरून चुना कायले नेते?"

प्रतिक्षा दारात उभी होती. तिने ऐकलं. "मॅडम," ती म्हणाली, "दादाजीनं फुंकलं तवा चेल्यानं पाणी कोणत्या कमंडलूतून ओतलं होतं? तिथं दोन कमंडलू आहेत."

मी पाहिलं नव्हतं. विज्ञानाची शिक्षिका, आणि पाहिलंच नव्हतं!

पौर्णिमेच्या सकाळी मोहाखाली पुड्यांसाठी रांग लागली होती. प्रतिक्षा सरळ चौरंगापाशी गेली. मागे मी आणि चुन्याची बरणी घेतलेला टेकचंद. टीना अजून दवाखान्यातच होती.

"महाराज, माही पोरगी मरता मरता वाचली."

"जहर निघताना त्रास होते, बेटी. श्रद्धा कमी पडली असंल."

"माही कमी पडली असंल. तुमची तं नाही ना? तुमी कधी पंप घेतला का?"

"हरे राम! या देहाला दवा ठाऊक नाही."

"मंग तुमच्या छातीत जहर नसंल. फुंका." टीनासाठी ज्यातून ओतलं होतं तो डावा कमंडलू तिने उचलून पेला भरला आणि देठासकट त्यांच्यापुढे धरला.

महाराज हसले. "साधू लोक अशी परीक्षा देत नाही."

"साडेचार वर्सांच्या पोरीनं देली, तुमाले काय झालं?"

रांगेतून कुणीतरी हसलं. चेला कमंडलूकडे सरकला, तर टेकचंदने त्याचा दंड धरला. प्रतिक्षाने स्वतःच फुंकलं. पाणी पांढरं झालं. "मले तं दमा नाही. पंप कसा धरतात तेही मी लेकीसाठी शिकली." तिने दुसरा पेला भरला. "दादाजी, तुमची छाती तं महाराजांनीच धुतली ना? या डाव्या कमंडलूतलं फुंका."

दादाजी बिचकत पुढे आले. फुंकलं. ताक झालं. ते पेल्याकडे पाहत राहिले, मग महाराजांकडे. उजव्या कमंडलूतल्या पाण्यात त्यांनी पुन्हा फुंकलं. ते नितळच राहिलं, कारण ते साधं नळाचं पाणी होतं. मग मी टेकचंदच्या बरणीतलं वरचं नितळ पाणी पेल्यात काढलं आणि लोकांना म्हटलं, या, फुंका. सरपंच आले, बाया आल्या, पोरं तर ढकलाढकली करू लागली. सगळ्यांचं जहर निघालं. गावात एक माणूस सुटला नाही.

"श्वास सोडणाऱ्या प्रत्येकाच्या छातीतून हे निघतं," मी ओरडून सांगितलं. "हे जहर नाही. याचा अर्थ एवढाच, की तुम्ही जिवंत आहात."

या गोंधळात महाराज लघवीचं निमित्त करून उठले. ते आपल्या जीपपर्यंत पोचले होते. सरपंचांनी जीपची किल्ली काढून घेतली. पोलिसांत तक्रार प्रतिक्षाने दिली. पुडीचा अहवाल नंतर आला, डॉक्टरांनी म्हटलं होतं तेच निघालं.

मग लोक झाडाकडे धावले आणि आणखी एक हसं झालं. कोणता पंप कुणाचा हेच कळेना. कशात दव शिरलं होतं, कशात धूळ, एकात मुंग्या. डॉक्टरांनी निरोप पाठवला, एकही वापरू नका, सगळ्यांनी येऊन नवे घ्या. काही आले. काही अजून आले नाहीत. त्यांची पोरं सध्या खेळत आहेत ना!

टीना घरी येऊन आठवडा झाला होता. मी सकाळी गेले, तेव्हा प्रतिक्षा डबीला पंप लावत होती आणि पोरगी अंगणात कोंबडीमागे पळत होती.

"आता तं बरी दिसते," गोदावरीबाई हळूच म्हणाल्या. "आजचा दिवस राहू दे का?"

प्रतिक्षाने सासूकडे पाहिलंही नाही. टीनाला मांडीवर ओढलं, मास्क धरला आणि मोजायला लागली. पाचाला गोदावरीबाईंचे ओठ हलू लागले. दहा त्या मोठ्याने म्हणाल्या.

मला लोकांचा अजून राग येतो. जीपमधून आलेल्या माणसाला आपण पाहताक्षणी लेकराची छाती उघडून दिली आणि आठ महिने पोर वाचवणाऱ्या डॉक्टरला कधी एक प्रश्नही विचारला नाही. विचारा. औषध किती दिवस, कशासाठी, त्याने काय होईल, कधी कमी करायचं, सगळं त्याला विचारा. त्याचं ते कामच आहे. पण पोर खेळतंय म्हणून त्याचा रोजचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. ते त्या पंपामुळेच खेळत असतं. आणि कुणी तुमच्यासमोर पाणी पांढरं केलं, तर हात जोडण्याआधी त्यालाच फुंकायला सांगा.