जावयाचे टाके

वेल्डरचा उजवा हात प्लास्टरमधून बाहेर आला, पण बोटं काही केल्या वळेनात. ज्या अपघातात हात चिरडला, त्याच अपघातात त्याची बायको गेली होती. गाडी तो चालवत होता. त्याचं हवं-नको बघायला सासूबाई येऊन राहिल्या होत्या. वेळच्या वेळी जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या कामापुरतंच.

एका सकाळी शर्टाचं बटण लावताना त्याची चाललेली धडपड त्यांनी पाहिली. खिडकीपाशी दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्या पुढ्यात जाळीदार कॅनव्हास, बोथट सुई आणि लोकर ठेवली.

"हे बार्जेलो, लोकरीचं भरतकाम. सगळे टाके उभे. सुई खालून वर काढा, जाळीची चार घरं मोजा, आत घाला. पुढचा टाका दोन घरं वरून सुरू करा. शिखर आलं की तसंच उतरायचं. झाली लाट."

"आई, मी लोखंड जोडणारा माणूस. मला नाही जमायचं हे."

"बोटांना जमलं म्हणजे झालं."

सुई सारखी निसटायची. लोकर इतकी ताणली जायची, की जाळीच आकसायची. "ओढू नका हो. नुसती टेकू द्या," सासूबाई म्हणायच्या. काही दिवसांनी गडद निळ्या लाटांची ओळ पुरी झाली. तिच्याखाली फिकट निळी सुरू केली, तर मधली लाट जुळेचना. वरच्या ओळीतच एक टाका एक घर खाली गेला होता.

"पहिलीवरच बाकीच्या बेतलेल्या असतात. उसवा."

त्याचा बांध फुटला. "आई, ट्रक चुकीच्या बाजूनं आला होता. काय करणार होतो मी?"

त्यांचे हात थांबले. "माहीत आहे मला. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण त्या ट्रकवाल्याचं तोंडही मी पाहिलं नाही. राग काढायला समोर तुम्हीच होतात."

मग तो मान खाली घालून उसवू लागला. एक धागा अडकला, तो त्यांनी कात्रीच्या टोकानं सैल करून दिला.

"लेकीलाही बसवलं होतं शिकायला. सुई हातात दिली, की पोटात दुखायचं तिच्या."

"इथे भांडी घासायची वेळ झाली, की दुखायचं."

सासूबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यांनी ओंजळीत तोंड लपवलं. लेक गेल्यापासून त्या त्याच्यासमोर पहिल्यांदाच रडत होत्या. तोही रडला.

त्या दुपारी जेवण झाल्यावरही, उष्टे हात वाळेपर्यंत दोघं तिच्याबद्दलच बोलत बसली.