कोरा चौकोन

सर्व्हर आमच्या ऑफिसात माझ्याही आधीपासून आहे. तो म्हातारा आणि मी कंत्राटी, म्हणून दोघांनाही कोणी विचारत नाही. साहेबांनी मात्र एकदा विचारलं, "रुपाली, जिल्ह्याच्या पोर्टलवर एक छोटा चौकोन टाकायचा, त्यात आज कोणता जंगलपट्टा वाघामुळे बंद आहे ते दिसावं. सोपं आहे ना?"

सोपं आहे. आमच्या धंद्यात त्या चौकोनाला पोर्टलेट म्हणतात. जावा या संगणकाच्या भाषेत चार ओळी लिहायच्या, फाईल बांधायची, सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची. तो ती आपणच उचलतो. उचलतो म्हणजे, मन असेल तर. माझी फाईल नव्या जावातली, सर्व्हर जुन्या जावातला, त्यामुळे त्याने ती चार वेळा तोंडावर परत फेकली. जुन्या जावात पुन्हा बांधून दिली तेव्हा कुठे घेतली. तोवर माझी मान आखडली होती आणि कामाची उमेद पार आटली होती. शेवटी चौकोन पानावर बसवला. वनरक्षक पहाटे फिरून आले की नोंद करतील आणि ती चौकोनात उमटेल. साहेबांनी नारळ फोडला, फोटो काढला, सगळ्या ऑफिसने आपापल्या स्क्रीनवर चौकोन पाहिला. मी खुर्चीतच डोळे मिटले.

संध्याकाळी आईला फोन केला. माझी आई कुंता गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात राहते. मोहाचे दिवस. फुलं पहाटे पडतात, ढोरं यायच्या आत वेचावी लागतात. आमच्याकडे ज्याचं झाड त्यानेच वेचायचं. वाघाच्या भीतीने घरी बसलं तर ते फूल दुसरं कोणी उचलत नाही, ढोरं खातात. म्हणून बाया बसत नाहीत.

"आई, मोबाईलवर पाहिल्याशिवाय जायचं नाही. मी केलं आहे ते."

"तू केलं तं पाहूनच जाईन," आई म्हणाली. तिचा हा विश्वास मला नेहमीच जड जातो.

सकाळी चहा ठेवला आणि सहज आपल्या फोनवर पोर्टल उघडलं. मथळा होता. त्याखाली पांढरं. दोनदा उघडून पाहिलं, तरी पांढरंच. मग लक्षात आलं. ऑफिसात आम्ही सगळे लॉगिन करून बसतो. बिनलॉगिनच्या माणसाला, ज्याला पोर्टल पाहुणा म्हणतं, चौकोन पाहायची परवानगी वेगळी द्यावी लागते. एक खूण करायची असते. ती मी केलीच नव्हती. ज्यांच्यासाठी सगळं केलं ते सगळे पाहुणे, आणि पाहुण्यांनाच दार बंद.

आईला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"मी घरीच आहो वो. तुया चौकोनात अजून काईच नाई आलं, म्हनून बसून आहो."

मला रडूच आलं. "आणि बाकीच्या?"

"साऱ्याजणी आंगणात थांबल्या आहेत, मले हासून राह्यल्या. सुकरी तेवढी गेली. मी तिले दाखवलं. सुकरी म्हने, काई लिवलं नाई म्हंजे जंगल मोकळं. तिचं झाड नवतळ्याकडं आहे ना."

बंद आहे की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं. वनरक्षकाचा फोन लागेना आणि लॉगिन फक्त ऑफिसातूनच होतं. गॅस बंद केला, ऑटो पकडला, चौकीदाराकडून ऑफिस उघडून घेतलं. लॉगिन करताच माझा तो शहाणा चौकोन ठळक अक्षरांत हजर: नवतळ्याकडचा पट्टा आज बंद. वाघीण, सोबत पिल्लं.

पाहुण्यांच्या नावापुढे खूण केली, जतन केलं. एवढंच काम होतं. पुन्हा फोन लावला.

"हो, आता दिसलं," आई म्हणाली आणि सावकाश वाचू लागली. वाचता वाचता थांबली. "सुकरी तं तिथीच आहे."

"आई, तू जाऊ नको. वनरक्षकाला निरोप—"

"तो कवा येईन? तिच्यापाशी फोन नाई. आमी साऱ्याजणी जातो, थाळ्या वाजवत जातो. ठेव आता."

तिने ठेवला. माझ्या चौकोनाने पहिलं काम काय केलं, तर घरात बसलेल्या माझ्या आईला त्याच जंगलात पाठवलं.

साहेब दहाला आले. फोटो पेपरात आला म्हणून खुशीत होते. "अक्षरं हिरवी करू या का? जंगल आहे ना." मी म्हणाले, करू. मनात आलं, यांना उचलून नवतळ्यावर नेऊन बसवावं. मी हिरवी केली. फोन मांडीवर होता, त्यावरून नजर हटत नव्हती.

दुपारच्या जेवणाच्या वेळी तो वाजला.

"आलो," आई म्हणाली. आवाज बसला होता. "साऱ्या आलो. वाघीण तळ्याच्या पाळीखाली बसून होती. थाळ्या आयकून उठून गेली. सुकरी झाडावर होती, टोपलं तिथीच राह्यलं. घे, तिले बोलाचं आहे."

शिव्या खायची माझी तयारी होती. मला त्या हव्याच होत्या.

"पोरी," सुकरीमावशी म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात राग शोधूनही सापडेना, "तुयी माय म्हने, पोरीनं केलं आहे, चुकाचं नाई. मंग मी पन तुया भरोशावरच गेलो ना वो. उद्याले बराबर दिसन नं?"

"दिसेल, मावशी."

फोन ठेवला. लॉगआऊट झाले आणि पाहुणी होऊन पान उघडलं. दिसत होतं. बंद केलं, पुन्हा उघडलं.