एक किलोमीटरच्या आत

शाळेला कुलूप लागावं म्हणूनच लिडिया त्या सकाळी शाळेत गेली. तिला मुलाचा, रेमंडचा, शाळा सोडल्याचा दाखला हवा होता.

राजोडीच्या जिल्हा परिषद शाळेत नऊ मुलं उरली होती. तिसरीतला रेमंड त्यातलाच एक. लिडियाचा शाळेवर राग नव्हता. पण धाकट्या मेलिसाला नाक्यावरच्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं आणि तिथल्या गरिबांसाठीच्या फुकट जागा बंद झाल्या होत्या. एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर मुलांनी तिथेच जायचं, असा नवा नियम आला होता. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर रिक्षावाल्या पीटरने तोड काढली. "शाळाच नाय राहिली तर नियम कोनाला लावनार?" सगळ्या पोरांचे दाखले काढायचं ठरलं.

"शेवटचा तुझाच," शाळेच्या शिक्षिका आशालताबाई म्हणाल्या. "रेमंड आता कुठे जाईल?"

"निर्मळच्या शाळेत. पीटर नेनार रिक्षातून."

"आणि पीटरला रिसॉर्टचं भाडं मिळालं म्हणजे?"

लिडियाला ते झोंबलं. "तुमचा पोरगा विघ्नेश इंग्रजीतच हाय ना, बाई? मग आमालाच का शिकवता?"

बाईंनी दाखल्यावर शिक्का मारला.

जून उजाडायच्या आत पट शून्य म्हणून शाळा बंद झाली. बाईंची बदली जव्हारकडे झाली. त्याच सुमारास कोर्टाने तो नियम थांबवला आणि इंग्रजी शाळेतल्या फुकट जागा पुन्हा निघाल्या. गावातली शाळा चालू असती तरी त्या निघाल्याच असत्या. सोडतीत मेलिसाचा नंबर लागला नाही.

पीटरची रिक्षा काही दिवस वेळेवर आली. मग एक दिवसाआड, मग नाहीच. "पोरांच्या पैशात गॅस सुटत नाय, लिडिया," एवढं तो बोलला. रेमंड घरी बसला. लिडिया पहाटे मासळी आणायला जायची, नवरा रिचर्ड होडीवर असायचा. निर्मळला पोरांना न्यायचं कोणी?

शेवटी तिने बाईंना फोन लावला. "बाई, शाळा उघडतील का परत? सगली पोरं आनते मी. घरोघर जाते."

"मी विचारून पाहिलं," बाई म्हणाल्या. "वर्गात पाइप भरलेत म्हणे, नळयोजनेचे."

"ते काढता येतील ना?"

बाई म्हणाल्या, "रेमंडला दे जरा."

लिडियाने फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून बाई पाढे विचारत होत्या. रेमंड सातापर्यंत नीट म्हणत गेला. आठाला अडला, आईकडे बघायला लागला.