दाता तीन

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या भावाला 'दाता तीन' म्हणतात. म्हणजे त्याला नाही, त्याच्या रक्तातल्या पाण्याला. दादा जाऊन वर्ष होत आलं, तरी मदतनीस बाई सकाळी विचारतेच, "दाता तीन काढू का बाहेर?" मी म्हणते, "काढ." हुंदका वगैरे काही येत नाही. लोकांना वाटतं, मी दगड आहे. असेन.

काम सांगते, म्हणजे घोळ नको. डबाबंद अन्नात कधीकधी एक जंतू वाढतो आणि विष सोडतो. ते वासाला कळत नाही, चवीला कळत नाही. माणसाचं अंग लुळं पडायला लागलं की कळतं. आम्ही ते त्याआधी शोधतो. या विषाजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याचीच निर्धोक केलेली लस टोचतात. मग रक्तात त्या विषाला ओळखून धरणारी प्रतिपिंडं तयार होतात. दादाही इथेच कामाला होता. आम्हा सगळ्यांच्या रक्तात झाली, पण दादाच्या रक्तात उदंड. अन्न तपासताना त्याचा थेंब वापरला की विषाचा नुसता मागमूस असला तरी पिवळा रंग येणारच. आमच्या प्रमुख मॅडमनी त्याचं रक्त मागून घेतलं, तेव्हापासून स्वारी हवेत. "घरात मला काडीची किंमत नाही, तिकडे माझं रक्त बर्फात जपतात," असं आईला ऐकवायचा.

मग त्याला ट्रकने उडवलं. सुट्टी संपवून मी परत आले, आणि पहिल्याच दिवशी त्याची नळी उघडली. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं तेव्हापासून आतून सगळं आहे. चावलं तरी कळत नाही.

नळ्या संपत आल्या. शेवटची एक उरली, तेव्हा मॅडमनी तयार प्रतिपिंड विकत मागवलं. नव्याची परीक्षा जुन्याच्या शेजारी बसवून घ्यायची असते. ती मीच घेतली. एका रांगेत दादा, खालच्या रांगेत नवं. दोन्हीकडे सारखाच पिवळा रंग. दादाने स्वतःच्याच बदलीच्या कागदावर सही केली म्हणायची.

"छान," मॅडम म्हणाल्या. "उरलेलं आता ठेवता येणार नाही. माणसाचं रक्त आहे, काम संपलं की वाफेच्या यंत्रात घालून नष्ट करायचं. मी दुसऱ्या कुणाला सांगते."

"नको. उद्या मीच करते."

जेवताना माझी जीभ घसरली. आईला मी म्हणून गेले, "दादाचं तिकडचं काम आता संपलं."

"कसलं काम?"

सांगावं लागलं. आईच्या हातातला घास तसाच राहिला. "म्हणजे त्याचं रक्त अजून आहे? आणि तू मला वर्षभर बोलली नाहीस?"

"रक्त नाही गं. रक्तातलं पाणी. करंगळीएवढी नळी."

"घरी घेऊन ये."

"आई, ती घरी आणायची वस्तू आहे का? त्याला भयंकर थंडी लागते. आपल्या फ्रिजमध्ये दूध टिकत नाही."

"वस्तू काय म्हणतेस? माझ्या पोराचं आहे ते." मग तिचा आवाज खाली आला. "त्या दिवशी मला त्याला हातसुद्धा लावू दिला नाही कुणी. झाकूनच आणलं होतं."

मी ताटं उचलली.

सकाळी मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "वाफेतून निघालं की तो साधा कचराच ना?"

"साधाच. त्यात काही जिवंत उरत नाही, धोका नाही."

"मग त्यातला थोडा कचरा मी घरी नेला तर?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "कचऱ्याच्या भानगडी मला विचारत जाऊ नकोस."

नळीचं झाकण सैल केलं, ती यंत्रात ठेवली, दार आवळलं. यंत्र फुसफुसत होतं तेवढा वेळ मी काचेची भांडी धुतली. दार उघडलं, तेव्हा आतलं सोनेरी पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं थिजलं होतं. आता ते कुठल्याच विषाला ओळखणार नव्हतं. मी झाकण घट्ट केलं, नळी रुमालात गुंडाळली, मुठीत धरली आणि फाटकाकडे गेले.

फाटकाबाहेरच्या बाकावर आई बसली होती. मी तिला बोलावलं नव्हतं. मांडीवर आमचा चहाचा थर्मास.

"बर्फ भरून आणलाय," ती म्हणाली. "दोन दुकानं हिंडले. पुरेल ना घरापर्यंत?"

"बर्फ नको आता. आता ते असंच राहील."

"बिघडणार नाही?"

"नाही."

मी रुमाल उलगडला. तिने आधी बोट लावलं, मग नळी तळव्यावर घेतली आणि मूठ मिटली. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिले.

"अगं," ती हळूच म्हणाली, "गरम आहे."

चुकीचं बोलणारा कुणीही असो, मी जागच्या जागी दुरुस्त करते. घरात त्यावरून माझी टिंगल होते. ती ऊब वाफेची होती. तोंड उघडलं, आणि हिरडीची बधिरता उतरताना ठणकतं तसं आत ठणकायला लागलं, इतकं की मला भीती वाटली. मी तिच्या मुठीवर माझा हात ठेवला.

नळी पार गार होईपर्यंत आम्ही दोघी तिथून उठलो नाही.