हबीबमियाचा हात आन पोळ्यातली मोटर

उकळी फुटायच्या आंधी दुधावरची साय जशी हालते ना, तसा हबीबमियाचा उजवा हात हालते. दूध तं उतू जाऊन एकदाचं मोकळं होते. याचा हात लय दिवसांपासून उकळीच्या आंधीच थांबून राह्यला. मूर्तिजापूरच्या त्याच्या टिनाच्या दुकानात सकाळचं ऊन भोकाभोकानं गळते, त्यातला एक गोल बरोबर त्याच्या मनगटावर पडते, आन तो गोल कसा नाचते हे पाहत बसायचा मले नादच लागला. मी शाळेत गेलो नाई. म्हंजे गेलो होतो, पन मास्तरनं बापाले सांगतलं का, याले ढोरं देऊन पाहा, अक्षरं वाया चालले. तवापासून माहं सारं वाचन असंच हाय. उन्हाचे ठिपके, मानसाचे हात, बैलाचे कान.

हबीबमियाचं दुकान बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळाजवळ हाय. त्या रुळासारखाच एक तुकडा त्याच्या ऐरनीच्या जागी पडून राह्यते, आन त्याच्यावर हातोडी पडली का आवाज असा निंघते, जसं दूर वावरात कोन्या बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली. साऱ्या वऱ्हाडात जुन्या मोटरीचं इस्टेरिंग बिघडलं का लोक इथंच येत. गाडीखाली निजून तो सांधा मुठीत धरे, वर बसलेल्यानं इस्टेरिंग हालवायचं, आन त्याच्या बोटाले जी बारीक खुटखुट लागे, तेच त्याचं नाडी पाहनं. पन आता हातच खुटखुट करते. सांधा ढिला हाय का आपला हात, हे त्याले समजेनासं झालं. त्याचा पोरगा सलीम अकोल्यात टायरचं दुकान चालवते, काचेच्या दाराचं. तो दर जुम्म्याले येऊन म्हने, "अब्बा, आता बस करा. इस्टेरिंगमंधी चूक झाली तं मानूस मरते." खोटं नव्हतं बोलत तो. म्हनूनच हबीबमियानं त्याले सांगून टाकलं होतं का, एक शेवटचं काम करून पाहतो. नाई जमलं तं दुकानाची चाबी घेऊन जा.

आन ते शेवटचं काम म्हंजे मी.

त्याचं असं झालं का, मले घरच्यायनं तेल्हाऱ्याकडे बैलजोडी पाहायले धाडलं होतं, आन मी मोटर घेऊन आलो. जुनी, विलायती, माह्या आज्याच्या वयाची. समोरून पाह्यली तं डोळे वटारलेल्या सासऱ्यासारखी. म्हनलं, लगनसराईत नवरदेव मिरवायले भाड्यानं देऊ. माही बायको सुमन अंगनात तिच्याभोवती एक फेरी मारून म्हने, "चारा काय खाते हे?"

म्हनलं, "पेट्रोल."

"मंग शेन तरी देते का?"

मी मोटरीचा आरसा पुसायले लागलो.

मंग पोळा आला. कापसाच्या पराटीले पिवळी फुलं लागले होते, पावसानं धुतलेल्या आभाळात ऊन नव्या चादरीसारखं कडक झालं होतं, आन साऱ्या गावाच्या गोठ्यात खांदशेकनी चालू होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या खांद्याले लोनी-हळद चोळतात, सालभराचं जू हातानं पुसून काढल्यासारखं, आन त्याच्या कानात म्हनतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माह्या गोठ्यात बैल नव्हते. पन आवतनाबिगर दिवस जाऊ द्यायचा कसा? मी मोटरीले चोळलं. तिचा खांदा कोनता ते समजेना, म्हनून खाली निजून जिथं जिथं सांधा दिसला तिथं तिथं लोनी-हळद थापली, आन आरशाजवळ तोंड नेऊन तिले जेवाले बलावलं.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर झूल टाकून मी तिले बैलायच्या रांगेत, तोरनाखाली उभी केली. तोरन तुटलं, बैलं उधळले, आन मले वाटलं आपलीनं मांगं राहू नये. ती मांगं राह्यली नाई. बैलं आपापल्या घरी गेले, ती मारोतीच्या पाराच्या दगडाले डाव्या चाकानं जाऊन टेकली. कोनी तरी गंभीर तोंडानं पुरनपोळी आनून तिच्या बोनटवर ठेवली. मंग जे बैल मी घेतले नाई, तशाच एका शेजाऱ्याच्या जोडीनं तिले हळूहळू ओढत मूर्तिजापूरले नेलं, आन साऱ्या रस्त्यानं त्यातला डावा बैल मान वळवून माह्याकडे पाहत होता.

हबीबमिया तिच्यासमोर उकिडवा बसला. असा बसला का त्याचे गुडघे कानाले लागले, आन तेवढा वेळ त्याचा हातही थोडा निजल्यासारखा झाला. म्हने, "एक चाक अमरावतीकडे पाहून राह्यलं, एक अकोल्याकडे. आन मधात मूर्तिजापुरात तू." मंग तो खाली सरकला. आंधी लोखंडावर नख वाजल्याचा आवाज. मंग नाक ओढल्याचा आवाज.

"गनपत."

"हो चाचा."

"पुरनपोळी कोठी लपवली?"

"काहून?"

"अबे, टायरॉडवर मुंग्यायची वरात निंघाली. हळदीसकट." टायरॉड म्हंजे समोरच्या दोन चाकायले एकमेकाशी बांधून ठेवनारा लोखंडी दांडा, एकानं मान वळवली का दुसऱ्यानं वळवायची, नवरा-बायकोसारखं.

सुमन माह्यासंगं आली होती आन इस्टेरिंगवर बसली होती, तिथूनच म्हने, "चाचा, याईले काई बोलू नका. याईची अक्कलही लोन्याचीच हाय, उन्हात ठेवली का गेली."

हबीबमिया गाडीखाली हासला तं वरचं बोनट थरथरलं. त्याचं हासनं मी तवा पयल्यांदा ऐकलं. आंधी खोकला वाटला.

दांडा खोलून त्यानं शहाबादी फरशीवर लोळवला. सरळ दांडा फरशीले चिकटून लोळते; हा लोळे तशी त्याच्याखालची उजेडाची फट उघडे आन मिटे, झोप न लागलेल्या मानसाच्या पापनीसारखी. मी आपला शहाना, म्हनलं चाचा, भट्टीत घाला, पटकन सरळ होईन. त्यानं माह्याकडे असं पाह्यलं, जसा तो बैल पाहत होता. "तापलेलं लोखंड लवकर ऐकते, गनपत. मंग कोनाचंही ऐकते." आन थंड दांडा दाबयंत्रात ठेवून, जरासा दाबून, जरासा सोडून, रुसलेल्या लेकराची पाठ चोळावी तसा त्यानं तो दुपारपर्यंत सरळ केला.

पन चाकं सरळ झाले नाई. मांगच्या टायरापासून समोरच्या टायरापर्यंत सुतळी तानून पाह्यली. उजवं चाक सुतळीले टेकलं, डावं अजून तोंड फिरवून. त्या दिवशी जुम्मा होता. सलीम नमाजेहून आला होता आन दारात उभा राहून पाहत होता. हबीबमियानं खाली जाऊन सांधा धरला, सुमनले म्हने, हालव. तिनं हालवलं. त्यानं हात काढला, उन्हात धरला, आन परक्या घरचं लेकरू चुकून आपल्या दारात आल्यासारखं त्या हाताकडे पाह्यलं. परत धरला. परत काढला.

सलीमनं भिंतीतल्या खिळ्याकडे पाह्यलं, तिथं दुकानाची चाबी होती.

हबीबमिया उठला, हात पुसले, आन खिळ्यावरच्या चाबीकडे चालला. दुकानात तेवढा एकच आवाज होता, त्याच्या चपलेचा. त्याच्यासंगं खाली सरकलेला मी अजून गाडीखालीच होतो. उठायचं सुचलं नाई, कारन उठलो असतो तं त्याच्या तोंडाकडे पाहावं लागलं असतं. काई तरी करून राह्यलो असं दिसावं म्हनून मी उगाच लोखंडात हात घातला. उजवीकडे घातला, मंग डावीकडे घातला. आन सुमन बिचारी, कोनी थांब म्हनलं नाई म्हनून, अजून इस्टेरिंग फिरवतच होती.

"आई वं! चाचा, चावलं!"

"काय चावलं?"

"हे लोखंड! उजवीकडचं नाई चावत, हे डावीकडचंच चावते!"

चपलेचा आवाज थांबला.

"हात काढू नको," तो म्हने.

"चाचा, बोट…"

"काढू नको म्हनतो ना, गधे. सूनबाई, हळू." आन तो माह्या बाजूले येऊन निजला, आन त्यानं आपला हात माह्या हातावर ठेवला. वरून त्याची थरथर, जसं पराटीच्या पानावर पानी पडून राह्यलं. खालून माह्या बोटाखाली सांधा, थंड, गपगार. "खुटखुट लागते?" "नाई चाचा, सांधा निजला हाय." "मंग चावते कोन?" मी डोळे मिटले. ढोरायचा गुडघा पाहतो तसं बोट फिरवलं. चाकाले वळवनारा जो लोखंडी आर्म असते ना, तो उजवीकडे एक्सलपासून बोटभर दूर होता. डावीकडे आत झुकला होता, म्हनून चाक वळलं का बोट त्या दोघायच्या मधात सापडे. एवढासा. डोळ्याले दिसत नव्हता, बोटाले चावत होता.

"मले थरथर लागते, तुले लोखंड लागते," हबीबमिया अंधारात म्हने. "दोघं मिळून एक मिस्त्री झालो बे."

मंग उजव्या आर्मचा आकार पुठ्ठ्यावर काढला, पुठ्ठा उलटा करून डाव्यावर ठेवला, तं खरंच जागा सुटत होती. आर्म खोलला. तडा गेलेला आर्म सरळ करनं म्हंजे मेलेल्याले औषध देनं. म्हनून त्यानं तो घासलेटात भिजवला, कोरडा पुसला आन वरून खडू फासला. तडा असला तं आत शिरलेलं घासलेट पांढऱ्यावर काळी रेघ काढते. आमी चौघं त्या पांढऱ्या लोखंडाभोवती बसलो, शाळेच्या निकालाले बसल्यासारखे, आन मी जन्मात पयल्यांदा पास व्हायची वाट पाह्यली. बाहेर शकुंतलेच्या रुळावर गवत हालत होतं. खडू पांढरा राह्यला. दाबून सरळ केल्यावर परत फासला, परत पांढरा.

सांजच्याले सलीमनं स्वतः गाडी काढली, बाप बाजूले, मी आन सुमन मांगं. अमरावतीच्या रस्त्यानं दोन्हीकडे पराटी पिवळी झाली होती, ऊन तिरपं होऊन एकेका फुलात दिवा लावत होतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर सलीमनं वेग कमी केला आन इस्टेरिंगवरून हात उचलले, थोडेसे, तापल्या तव्यावरून उचलावे तसे. गाडी सरळ चालत राह्यली. हबीबमिया समोर पाहत नव्हता. तो पोराच्या हाताकडे पाहत होता, ते दोन्ही हात हवेत होते, आन हालत नव्हते.

परत आल्यावर सलीमनं खिळ्यावरच्या चाबीकडे पाह्यलंही नाई. म्हने, "अब्बा, खडू संपला. येत्या जुम्म्याले अकोल्याहून आनतो." मंग माह्याकडे वळून, "गनपतभाऊ, तुमच्या हाताबिगर अब्बायले गाडीखाली जाऊ द्यायचं नाई." मी बोटाले फुंकर मारत होतो, म्हनून मान हालवली. सुमन म्हने, "घेऊन जा ना, घरी तसाही काई कामाचा नाई तो हात."

आता थंडीत हबीबमिया इलाजासाठी सलीमच्या घरी राह्यते. मी दुकान उघडतो, झाडतो, घंटाभर बसतो. उन्हाचा गोल त्याच जाग्यावर पडते आन रिकाम्या फरशीवर नुसता पडून राह्यते, त्याले नाचवनारं मनगट नाई. गाडी सरळ चालते. नवरदेव मिरवते, यंदा तं पोळ्यात तोरन तुटल्यावरही जाग्यावर उभी राह्यली. फक्त मोकळ्या रस्त्यावर, जराशा वेगात, इस्टेरिंग तळहाताखाली बारीक थरथरते. सांधे सारे पाह्यले मी, पक्के हायत. हबीबमिया म्हने का जुन्या गाडीत तेवढं राहू द्यावं. मी राहू देलं. गेलेला काळ काई मांगं वळत नाई, त्याचं इस्टेरिंग कोनाच्या हाती नाई. पन तेवढी थरथर लागली का मी वेग वाढवत नाई आन कमीही करत नाई, कारन तेवढा रस्ता माह्या हातावर कोनाचा तरी हात असते.